शेजारचं शून्य

अंबडहून साडेतीनला सुटतो मी.
खिशात रिजेक्ट झालेले वॉशर,
सुपरवायझरला विचारून आणलेले.
उत्तमनगरच्या आमच्या दोन खोल्यांत
ते आता एकक आहेत.
दहा वॉशर बुटाच्या नाडीत ओवले की एक दशक.
शतकांपुरते वॉशर अजून जमले नाहीत,
म्हणून शतक म्हणजे उपडी वाटी.

ईश्वरी तिसरीत.
"लिही, चारशे दोन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर."
ती लिहिते एकशे सत्त्याऐंशी.
तिला काय बोलणार?
अठ्ठ्याहत्तर म्हणताना तोंडात आठ आधी येतो
आणि कागदावर सात आधी बसतो.
मीही तिच्या वयात
ह्याच पायरीवरून घसरायचो,
आणि तेव्हा पट्टी उभी धरून मारायचे.
खोडरबर शोधण्यात पाच मिनिटं जातात.
ते तिच्याच मुठीत असतं.

दिवसभर मी लेथवर शतांश मोजतो.
व्हर्निअरची रेघ केसाएवढी सरकली
तरी बोटांना कळतं.
पण दोनातून आठ कसे जातात
हे लेकीला सांगताना
आज दुसऱ्यांदा घाम फुटतो.

"बाई म्हणतात, दशक सुटा करायचा."
"आम्ही उसना घ्यायचो. शेजारच्या घरातून."
"मग परत कधी द्यायचा?"

पेन्सिल हवेत.
एवढ्या वजाबाक्या केल्या आयुष्यात,
हा प्रश्न कधी पडलाच नाही.
"परत द्यायचा नसतो," म्हणालो,
आणि माझंच वाक्य घशात अडकलं
माशाच्या काट्यासारखं.

ती केव्हाच पुढे गेलेली.
"पण पप्पा, शेजारी तर शून्य आहे.
त्याच्याकडेच काही नाही. तो काय देणार?"
"तो त्याच्या शेजाऱ्याकडून आणतो."
"आपल्यासाठी?"
"आपल्यासाठी."

मग वाटी उलथली.
तिच्या जागी दहा नाड्या मांडल्या,
शून्याच्या अंगणात, फरशीवर ओळीनं.
त्यातली एक सोडताना
वॉशर सुटले खणखणत,
दोन दाराकडे, एक कपाटाखाली.
चारावर काट, तीन.
शून्याच्या डोक्यावर दहा, मग दहावर काट, नऊ.
ती ओरडलीच,
"दिलं तरी नऊ उरले त्याला!
शून्य तर श्रीमंत झालं!"

भिंतीपलीकडे वाल्मीक आहिरेच्या कुकरची शिट्टी.

ती पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट.
कारखान्याला चार महिने कुलूप.
वाल्मीकची रिक्षा हप्त्यापायी
फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेली.
सटाण्याच्या मेहुण्याकडून त्यानं सहा हजार आणले,
आणि चप्पल न काढता
दारातच पाच माझ्या हातावर ठेवले.
त्याच्याकडे नऊ नाही उरले.
एक उरला.

चार हजार फेडले मी, तुकड्या-तुकड्यांनी.
शेवटच्या हजाराला तो म्हणाला, राहू दे.
आणि मी राहू दिला.

"बारातून आठ, चार.
नवातून सात, दोन. तिनातून एक, दोन.
दोनशे चोवीस!"
"आता बेरीज करून ताळा बघ."
चार नि आठ बारा. बाराचे दोन,
हातचा एक,
आणि ती करंगळी मुडपून धरते,
जणू सोडली तर उडून जाईल.

चारशे दोन. बरोबर आलं.
वॉशर गोळा केले, नाडीत ओवले, मोजले:
नऊ.
कपाटाखालचा मोजपट्टीनंही निघेना.
"उद्या काढू," ती म्हणाली, "उत्तर तर आलंय ना,"
आणि वही मिटून
आहिऱ्यांकडे टीव्ही बघायला पळाली.

मी फरशीवर तसाच,
गाल टेकवून, एक डोळा मिटून,
कपाटाखालच्या अंधारात बघत.