आहेत का?

दर सहा महिन्यांनी फोन करायचं काम माझ्याकडे.
एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर, फायलींच्या खोलीत,
दुपारी दोन ते चार.
पुण्यात फोन करायची ही वेळच नव्हे;
अर्धं शहर झोपलेलं, उरलेलं चिडलेलं.

"खळदकर आहेत का?"
घरी आहेत का, की आहेत का,
हे मराठीत मला वेगवेगळं विचारता येत नाही.
मुलगा म्हणतो, "बाबा मार्चमध्ये..."
वाक्य तो सोडून देतो.
मी तारीख विचारते.

कागदावर मोजके रकाने.
आतड्यातली गाठ उजवीकडे की डावीकडे.
जनुकात बदल आहे की नाही.
आहे की नाही.

बदल म्हणजे केवढा, मी एकदा विचारलं होतं.
एका अक्षराचा, रेगे मॅडम म्हणाल्या.
केआरएएस, बारावी जागा, जी-च्या ठिकाणी ए.
तेवढ्यानं एक महागडं सलाईन लागूच पडत नाही,
मग देत नाहीत.
माझ्या नावात लोक रोज चूक करतात.
मृण्मयीला काही होत नाही.

मुंढव्याच्या लोणकरबाई स्वतःच उचलतात,
"आहे गं. भाजणी करपेल, पटकन विचार."

पडद्यावर दोन रेषा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात,
बदल असलेल्यांची जरा लवकर.
ज्यांचा पत्ताच लागत नाही
त्यांच्यासाठी रेषेवर एक बारीक उभी खूण:
शेवटचं विचारलं तेव्हा होते.
"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही,"
ती बाई सांगते, गोड आवाजात.
क्रमांकाचंच सांगते. माणसाचं तिला कुठं ठाऊक.

बिबवेवाडीचे पारगे.
बदल आहे. यकृतापर्यंत गेलेलं.
तक्त्यात त्यांच्यासारख्यांना दोन-अडीच वर्षं,
हे सहावं.
"पर्वतीवर आहे, दम लागलाय, नंतर कर."
ठेवून दिला.

सव्वाचारला कुलूप लावताना फोन वाजला.
"पारगे. हं, विचार आता."
विचारायचं काय उरलं होतं?
"एवढ्या उन्हात पर्वती?" म्हटलं.
"सकाळी म्हातारे फार असतात."
"किती पायऱ्या झाल्या?"
"मोजत नाही.
उतरताना गुडघे दुखतात, ते लिहिणारेस का?"

त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं.