आप्तभाव

गोळीबार चौकात माझं सावजी. चार बाकं, एक पंखा,
दुपारी बाराला तर्रीवर तेल चढतं.
गिऱ्हाईक विचारतं, काकू, पोट्टं कुठं असते आता?
म्हणते, सुरिनामला.
सुरतला? म्हणते, हो बाप्पा, त्याच्याच पुढं.

नदीतून चार तास होडी, मग चालत.
रस्ता नाही, खांब नाही. सातबारा?
विचारलं तर हसला.
इथं जमीन कोणी विकत नाही, आई.
गाव राहू देतं, तेवढंच.
त्या मोठ्या झाडापासून ओढ्यापर्यंत रान आहे नुसतं,
आणि त्यात झोळी बांधून झोपतो
छत्तीस वर्षांचा घोडा.

खायला कसावा. कडू, विषारी.
किसायचा, वेताच्या लांब नळीत दाबून भरायचा,
नळी ताणली की विष खाली गळतं.
मग परातीएवढी भाकर, छपराच्या पत्र्यावर वाळत.
फोटो पाठवला त्यानं. मी भाकर पाहिलीच नाही.
मी नळीची वीण पाहिली,
दोन वर, एक खाली, तिरपी सरकत जाणारी.
ह्याच्या बापानं चष्मा पुसून मोजली असती.
माग भंगारात गेला तेव्हा त्यानं फक्त धोटा ठेवून घेतला.
तो आहे अजून, मिठाच्या बरणीमागं.

शेजारीण ॲफिबा. पहिल्याच दिवशी शेंगदाण्याचं सूप दिलं,
वर एक पिवळी मिरची तरंगत, देठासकट.
ती फोडायची नसते.
टिकेशनं फोडली.
सावजीवालीचं पोट्टं
दोन तास जिभेवर केळं धरून बसलं.
म्हटलं, बरं झालं.

मग यानं तिला मटण रांधून घातलं.
खसखस वाटेतल्या विमानतळावर काढून घेतलेली,
दगडफूल संपलेलं, तरी.
ॲफिबानं बोटं चाटली, मग ठिय्या मारून विचारत सुटली:
तुमच्यात लग्नात काय शिजतं?
मेलेल्याला काय वाढता?
देव घरात असतो, की झाडाखाली?
टिकेश फोनवर हसत सांगत होता.
माझा हात पिठात थांबला.

हेच.
गिरीपेठेत टेबलापलीकडून हेच विचारलं होतं त्याच्या बापाला.
लग्नात काय, मयतीत काय, देव कोणता,
जंगल सोडून किती पिढ्या झाल्या, बोली बोलून दाखवा.
सदरा पाठीला चिकटलेला.
अकरा वर्षं तारखा, मग एक ओळ:
आप्तभाव सिद्ध होत नाही.
पोराची नोकरी त्या ओळीखाली गेली.

परवा रात्री अडीचला फोन.
तिकडं सूर्य बुडायचा होता.
गावचा कॅप्टन पाणी ओतून
जमिनीला सांगणार होता, हा माणूस कोण.
त्याला पूर्वजांची नावं लागतात.
टिकेशला आजोबापर्यंतच येतात.
आई, पुढचं सांग. लवकर. सगळे उभे आहेत.

मला कुठून ठाऊक? मी धापेवाड्याची.
सुनेला मागची नावं कोण सांगतं?
मग आठवलं. ट्रंक ओढली, गोधड्या काढल्या,
तळाशी ती फाईल.
वंशावळ, जांभळा शिक्का अर्धा उडालेला.
मोबाईलच्या उजेडात मोबाईलवरच बोलायचं,
कधी कान, कधी कागद.
वाचत गेले.
सुकाजी.
सुकाजीचा बाप बकाराम.
बकारामचा चिरकुट.
चिरकुटचा झिबल. त्याच्यापुढं कागद फाटला आहे रे.

प्रत्येक नावामागं तिकडं पाणी पडल्याचा आवाज,
आणि दहावीस माणसांचा एक हुंकार.
चिरकुट त्यांना नीट म्हणता येईना,
पण म्हणाले.
पुरावा कोणी मागितला नाही.

झोप आता, म्हणाला.
झोप कुठली. खोबरं भाजायला घेतलं.
चारला पाचपावलीकडून मालगाडी गेली,
फाईल ओट्यावर तशीच उघडी.
उजाडल्यावर पाहते तर झिबलच्या नावावर
माझं तेलाचं बोट उमटलेलं.
पदरानं पुसायला गेले,
तर पसरलं.