येळवशीचा दिवस

लेबर कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
पानाला वीस रुपये, दुरुस्तीचे वेगळे नाहीत.
गवळणबाई मस्के समोर पोतं टाकून बसल्या
आणि मी शपथेवर लिहून दिलं
की डाळमिलीत त्या अकरा वर्षं होत्या.

हजेरीपटावर दोनशे चाळीस दिवस कधीच भरले नाहीत.
भरत आले की ठेकेदार ब्रेक द्यायचा,
पुढच्या खेपेला नाव बदलायचा:
गवळण, गौळणा, एकदा नुसतीच जी. के. मस्के.
"मी तीच व्हते, साहेब. चुनीची खाज बी तीच."

शेवटच्या साली पटावर दोनशे एकोणचाळीस.
बाईंकडे खताच्या दुकानाचं कॅलेंडर,
कामाच्या दिवशी चौकटीत काजळाचं बोट.
मी दोनदा मोजलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
एक बोट जास्त.
ते येळवशीचं.

मालकाचे वकील उलटतपासात म्हणाले,
येळवशीला लातुरात कुत्रं तरी मागं राहतं का?
सगळं कोर्ट हसलं. मीही.
त्या दिवशी गंजगोलाई ओस,
आम्ही सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात,
कडब्याच्या कोपीपुढं,
भज्जी अन् उंड्यांनी जड होऊन आडवे.

त्या एलिव्हेटरच्या खड्ड्यात होत्या.
नवी तूर यायच्या आत जुनं साचलेलं काढायचं म्हणून
मुकादमानं एकटीला बोलावलेलं.
गेटवर खाजामियाँ, वॉचमन.
दुपारी तिनं घरून आणलेली अंबील
दोघं एकाच तांब्यातून प्याले.
यातलं कोर्टाला एवढंच लागतं:
खाजामियाँनी तिला पाहिलं का?

खाजामियाँ अजून त्याच गेटवर आहेत.
बारा तास, आठ हजार,
पीएफ कापतात, भरतात का ते विचारायचं नाही.
मुलीची सोयरीक उदगीरला ठरत आलेली.
तीन तारखा ते आले नाहीत.
"नका ओढू त्यांला," बाई म्हणाल्या, "त्यांचं बी पोटच हाय."
मी म्हणालो, साक्ष दिली म्हणून काढता येत नाही, कायदा आहे.
बाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं.
कायदा तर अकरा वर्षं होताच.

आज साडेअकराला चहाच्या गाड्यामागं ते दिसले.
शर्ट मिलचाच, खिशावरचं मिलचं नाव उसवलेलं.
आले, खुर्ची दिली तरी उभेच.
"नाम पूरा लिखना पडता क्या?"
पूर्ण, म्हणालो. वडिलांचं, वय, पत्ता.
ते गेटकडं बघत राहिले,
कोर्टाच्या की मिलच्या, कळेना.
बाई खाली मान घालून पोत्याची सुतळी उसवत होत्या.

"लिक्खो," ते म्हणाले,
"अंबील पिया मैं उसके हात की."

माझ्या मशीनचा ख वाकडा आहे, दोनदा मारावा लागला.
पुढं पानाचे वीस रुपये कुणी द्यायचे
यावर ती दोघं
पुकारा होईपर्यंत भांडत होती.