अकरा शतांश

आमच्या कालव्यावरचा पूल मी उचलतो.
बटण दाबलं की घंटा, लाल दिवा, आडवा दांडा,
आणि गाव थांबतं
वाळूची एक बार्ज जाईपर्यंत.
एकवीस वर्षं लोकांना थांबवण्याचा पगार खातोय.
घाई कशी दिसते, मला काचेतून पाठ आहे:
स्टिअरिंगवर वाजणारी बोटं,
दुधाच्या टँकरवाल्याचे हलणारे ओठ. शिव्याच असणार.

आणि माझ्याच घरात निघाली ही विट्स्के,
जिला सेकंदसुद्धा ढोबळ वाटतो.

तीन वर्षांची होती. त्या हिवाळ्यात कालवा गोठला,
धड असा, शेवटचाच.
स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली मी बर्फावर.
खुर्चीची पाठ धरून ढकलत ढकलत
ती पुलाखालून पार पलीकडे गेली.
मी हाका मारल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही.
त्या खुर्चीचा पाय अजून डुगडुगतो,
पण हिल्त्शे ती फेकू देत नाही.

पहाटे शेजारचा साक्के उठतो धार काढायला,
मी उठतो धार लावायला.
दोन्ही स्केट उलटे शिकंजात, वर तेलाचे दोन थेंब,
मग दगड. पुढे, मागे. पुढे, मागे.
पात्याच्या कडेला धातूचं कुसळ उभं राहतं,
डोळ्यांना न दिसणारं.
ते नखालाच कळतं.
शनिवारी रात्री डाव्या पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं,
मधोमध काहीतरी अडल्यासारखं वाटलं.
वाटलं, किंवा वाटलं नाही.
साडेअकरा वाजले होते. एकदा पुसलं, पिशवीत घातलं.

निवड चाचणी. दीड हजार मीटर. सातवी जोडी.
मी वरच्या रांगेत, मांडीवर वाटाण्याच्या सूपचा थर्मास,
झाकण उघडलेलंच नाही.
शेजारी ड्रेन्थकडची एक बाई, तिची लेक बाहेरच्या लेनमध्ये.
बंदूक वाजली तशी तिनं माझी बाही धरली,
मग लक्षात आलं, सोडली, पुन्हा धरली.
पहिले दोन फेरे विट्स्के अशी गेली
की मी मनातल्या मनात सामान बांधलं,
विमानात खिडकीजवळ बसलो,
पुलावर बदली कोण, तेही ठरवून टाकलं.
तिसऱ्या वळणावर तिचा डावा पाय
जरासा, अगदी जरासा...
लोकांना दिसलं नसेल. मला ऐकू आलं.

एक अठ्ठावन्न एकावन्न.
हवे होते एक अठ्ठावन्न चाळीस.
अकरा शतांश. पापणी लवायलाही
याहून जास्त वेळ लागतो म्हणतात.
ड्रेन्थची बाई म्हणाली, तुमची पोर सुंदर पळते हो.
तिच्या पोरीचंही हुकलं होतं, बऱ्याच फरकाने.
मी तिला सूप दिलं.

गाडीत विट्स्के एवढंच म्हणाली, "बर्फ मऊ होता."
मी म्हणालो, "हो, होता."
गळ्याला नख लावणं म्हणतात ते हेच का,
मला माहीत नाही.
स्टिअरिंगवर माझा अंगठा होता,
मी तो मुठीत घेतला.

अर्ध्या वाटेत घंटा, लाल दिवा.
दुसऱ्या कुणाचा तरी पूल.
काळोखात एक बार्ज चालली होती, कणाकणानं,
तिच्या केबिनमध्ये कुणीतरी कांदा चिरत होतं.
विट्स्के जागी झाली. "किती वेळ?"
हे मात्र मला बिनचूक सांगता येतं.
"चार मिनिटं."
"चार मिनिटांत मी दोनदा धावले असते," ती म्हणाली,
आणि हसली की काय, काळोखात कळलं नाही.
मी बोटं वाजवत होतो स्टिअरिंगवर.

घरी आलो. हिल्त्शेनं काही विचारलं नाही,
बशा मांडल्या.
जेवण होताच विट्स्केनं टेबल पुसलं,
त्या डुगडुगत्या खुर्चीत बसली,
शिकंजा पुढ्यात ओढला.
"बाबा, दगड कुठंय?"
मी दिला. तेल दिलं. फडकं दिलं.
"यापुढे मी करते," ती म्हणाली, वर न बघता,
आणि डाव्या पात्यावरून नख फिरवत
मधोमध थांबली.

मी उठून नळ सोडला,
धुतलेला थर्मास पुन्हा धुवायला घेतला.