चुन्याची निवळी

गावाचं नाव सूर. ओमानच्या काठावर.
तीन वर्षं झाली, मला अजून लागलेला नाही.

रात्रपाळीला मी टेबलावर तीन बाटल्या मांडतो:
तांबडी चारची, पिवळी सातची, निळी दहाची.
काचेचा बोराएवढा डोळा एकेकीत बुडवून
त्याला पुन्हा शिकवतो
आंबट कशाला म्हणायचं, बुळबुळीत कशाला.
तो रोज थोडं विसरतो.
मलाही परवा धाटावच्या कंपनीतल्या
जुन्या साहेबाचं नाव आठवेना.

काम संपलं की डोळा खारात ठेवायचा.
कोरडा पडला तर गेला.
निव्वळ शुद्ध पाण्यात ठेवला, तरीही गेला.

समुद्र आत येतो ८.१ होऊन.
पडद्यांतून दाबून काढला की मीठ मागे राहतं,
शिंपल्यांनी जमवलेला चुना मागे राहतो,
आणि पलीकडे ठिबकतं ते पाचच्या वर, सहाच्या आत,
इतकं नितळ की ग्लास रिकामा वाटावा.
आणि उपाशी.
खमीस म्हणतो, हे असंच गावात सोडलं
तर माणसांच्या आधी नळ पिऊन टाकेल.

म्हणून निवळी.
भल्यामोठ्या टाकीत चुना ढवळायचा, बसू द्यायचा,
वरचं स्वच्छ तेवढं पाण्यात सोडायचं.
आमच्याकडे दात येणाऱ्या पोराला चमचाभर पाजत.
इथे अख्ख्या शहराला पाजतो,
जणू त्याला दात येताहेत.

गेल्या वर्षी निवळीची नळी बारा दिवस तुंबली.
मोजायचा कंटाळा मी केला.
वहीत रोज ८.२, सुंदर अक्षरात.
तेराव्या दिवशी खमीसने एक बाटली आणली,
त्याच्या मावशीच्या, शम्साच्या, नळाची.
कोऱ्या चहाचा रंग. तळाशी गंज.
ती काही बोलली नव्हती, बाटली फक्त पाठवली होती,
सोबत ईदचा पांढरा डिशडाशा, तांबूस झालेला.
निघालं ६.४.
ऐकायला काय, पावणेदोनाचा फरक.
पण ही शिडी दर पायरीला दहापट उतरते.
मी हिशोब केला: त्रेसष्टपट.
खमीसच्या आजोबांनी जहाजं बांधली,
गंजलेला खिळा तो लांबून ओळखतो.
त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पाना घेऊन नळी उघडायला गेला.

काल ऋजुताचा फोन. उद्या विज्ञानाचा पेपर.
बाबा, सामू सात म्हणजे?
उदासीन.
म्हणजे दुःखी?
नाही गं. आम्लाचं नाही, आम्लारीचं नाही,
कुणाचंच नाही.
मग तुम्ही पाणी सातवर का नाही ठेवत?
म्हटलं, आमचं कोरं पाणी सातवर टिकत नाही.
हवेने नुसती फुंकर घातली तरी घसरतं.
अंगात थोडा चुना असला की
कुणी लिंबू पिळलं तरी ते लगेच बदलत नाही.
पानाला लावतात तो?
तोच.
आणि एजंटने तुम्हाला लावला तो?
आम्ही दोघं हसलो. तिचं हसणं
अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचलं.

आता दर गुरुवारी खमीसबरोबर मी
शम्साच्या अंगणातल्या नळाशी जातो.
हे कामाच्या यादीत नाही.
ती करकडे देते, जास्वंदीचा थंड लाल काढा.
आज खिशातल्या कुपीतली निवळी
मी कपात दोन थेंब टाकली,
रंग बदलतो ते दाखवायला.
लाल थोडा मळला. आणखी टाकली.
जांभळा, मग निळसर, मग शेवाळी.
तिने वाकून पाहिलं.
एक कप नासवलास, म्हणाली,
आणि दुसरा भरून दिला.

नळ ८.१ निघाला.
मी ८.१ लिहिलं.