चौकट दिसत नसेल तर

चिल्वेरी टेक्स्टाइल्सची साइट पहिल्यांदा उघडली तेव्हा
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लाइट गेलेली,
पत्र्याखाली बेचाळीस डिग्री,
आणि माग एकदम गप्प झाल्यावर
कानात जे वाजत राहतं, ते वाजत होतं.

लॅपटॉपवर बरी दिसली.
वर एक पट्टी, डावीकडे एक पट्टी,
उरलेल्या चौकोनात टॉवेल.
डावीकडे दाबावं, उजवीकडे बदलावं.
बाकी काही हलत नाही.

फोनवर उघडली
तर डाव्या पट्टीनंच पडदा खाल्ला.
टॉवेल उरला नखाएवढा.
मोडेन पण वाकणार नाही, या जातीचं काम.

"बदल सगळं," मालक म्हणाले,
"दुबईचा माणूस फोनवरच बघतो.
तेवढा आकडा ठेव."
आकडा म्हणजे तळाशी, काळ्या डब्यात, हिरवे अंक:
आपण ११४८२ वे पाहुणे.
"त्यातला निम्मा मीच. रोज सकाळी
शटर वर करावं तसा उघडायचो."

मी कोड उघडला.
माझे वडील जेकार्डची पुठ्ठी पाडायचे.
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली.
एक भोक चुकलं की चादरीवरच्या मोराची मान मोडायची,
मग दिवा जवळ घेऊन
ते पुठ्ठ्यांवरनं बोट फिरवत बसायचे.
तशीच मी फिरवत गेले.
तीन चौकटी, तीन फाइली,
एकमेकींना नावानं हाका मारणाऱ्या,
आणि मधेच, पाहुण्यांना दिसू नये अशा कंसात:
"रुंदी १८० च ठेवणे. अण्णांना बारीक दिसत नाही."

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली.
पट्टी १८० च होती.

त्याखाली आणखी एक ओळ.
ज्या मशीनला चौकटी कळतच नाहीत
तिच्यापुरती राखून ठेवलेली,
म्हणजे इतक्या वर्षांत
बहुतेक कुणीही न वाचलेली:
"चौकट दिसत नसेल तर फोन करा.
दुपारी दोन ते चार बंद. येमूल, कन्ना चौक."
नंबर सहा आकडी.
मी पुढं दोन लावून बघितला.

रिंग गेली.
झेरॉक्स मशीनच्या घरघरीमागनं आवाज आला, "बोला."
"चौकट दिसत नाही," मी म्हणाले.
घरघर थांबली.
"चिल्वेरीची का?"

संध्याकाळी गेले.
चष्मा कपाळावर, बोटं टोनरनं काळी.
"काय करालालीस, मोडालालीस काय?"
हो म्हणाले. जीव थोडा खाली-वर झाला.
"मोड की. तेव्हा जगाची रुंदी आठशे होती,
उंची सहाशे.
मला वाटलं, घेतलं माप एकदाचं."

नवी साइट त्यांच्या हातात दिली.
त्यांनी फोन आडवा धरला, उभा धरला, परत आडवा.
ओला टॉवेल दोरीवर टाकला की
आपल्याच वजनानं खाली येतो,
तशा पट्ट्या एकीखाली एक आल्या.
"डावी कुठं गेली?"
त्या तीन रेघांमागं, मी दाखवलं.
त्यांनी दाबलं. आली. दाबलं. गेली.
चार-पाच वेळा केलं असेल.
बाहेर एक मुलगा आधार कार्ड धरून उभाच.

"अक्षर बारीक आहे."
सोळाचं अठरा केलं.
"अजून."
वीस.
"आता बघ कसं."

निघताना विचारलं, दोन ते चार बंद का?
ऊन, म्हणाले. आणि लाइन एकच होती,
त्या वेळात आई हैदराबादला मावशीशी
तेलुगूत भांडायची.

रात्री साडेअकराला साइट चढवली.
सकाळी हिरव्या अंकात ११४८५.
एक मी. एक मालक, शटर वर करताना.
तिसरा कोण,
दोन वाजायच्या आत फोन करून विचारते.