निरंक

पहाटे साडेतीनला माझी ड्युटी लागते.
जीप, टॉर्च, वॉकीटॉकी, फटाक्यांची पेटी.
कागदावर हुद्दा आहे : पक्षी नियंत्रण सहायक.
रंजू शेजारणीला सांगते, बाबा पाखरं हाकायला गेले.

हेच काम मी आठव्या वर्षापासून करून राहिलो.
तेव्हा मचाणावर उभा, हातात गोफण,
खाली बापाची जवारी दुधावर आलेली,
आणि पोपट असे उतरायचे
जसं दुसऱ्या कुणाचं हिरवं शेत उडत आलं.
आता हातात बंदूक आहे, तीही नुसत्या आवाजाची.
खाली कापलेलं गवत.
जमीन तीच. सातबारा बदलला.
माती बदलली का,
ते मुरूम टाकणाऱ्यांना विचारा.

सभागृहात साहेबांनी नकाशा लावला होता.
दुसरी धावपट्टी, नवं टर्मिनल,
इतके लाख प्रवासी, इतके हजार टन माल.
लेझरचा लाल ठिपका फिरत फिरत
आमच्या मारुतीच्या पारावर आला
आणि साहेब पाणी प्यायला थांबले.
मग म्हणाले, नागपूर देशाच्या बरोबर मध्यात आहे.
मागून उकंडा नेहारे बोलला,
म्हणजे साहेब, इथून सगळंच सारखं लांब.
लोक हसले. साहेबही हसले.
चहासोबत सामोसा होता, गरम होता,
खोटं कशाला बोलू.

हब म्हणजे काय, ते माझ्या बापानं पाहिलं होतं.
मध्यरात्री चार दिशांनी टपालाची चार विमानं उतरत,
दिल्लीची थैली मद्रासच्या पोटात,
मुंबईची कलकत्त्याच्या,
थोड्या वेळानं पुन्हा अंधार.
बाप बैल बांधून धुऱ्यावर बसून राही.
एवढ्या चिठ्ठ्या डोक्यावरून गेल्या, म्हणे,
आपल्या नावाची एक नाही.
त्याला वाचता येत नव्हतं.

रंजू कार्गोत वजनकाट्यावर असते.
काल भिवापुरी मिरचीची पोती,
परवा कुणाचं तरी औषध, बर्फात, तातडीचं.
घरी येते तर केसांतून मिरचीचा ठसका,
आणि पगार एक तारखेला.
तिला पट्टी लांब व्हायला हवी आहे.
मलाही हवी आहे.
बहुतेक.

पण सांगायचं होतं ते परवाचं.
नव्या पट्टीच्या आखणीत,
चुन्याच्या रेघेला लागून, खडीत चार अंडी.
टिटवीची. खडीच्याच रंगाची,
टॉर्चही दोनदा फसला.
जागा मी ओळखली. आमचं खळं होतं तिथं,
तिवडा रोवायचो त्याच्यापासून दहा पावलं.
टिटवी अंगावर आली, ओरडली,
मग एक पंख मोडल्याचं सोंग करून
लंगडत लंगडत मला दूर नेऊ लागली,
इकडे या, जे आहे ते इकडे आहे,
जशी माझी माय मोजणीवाल्यांना
भलत्याच धुऱ्याकडे घेऊन गेली होती,
डोक्यावर पदर, हातात पाण्याचा गडवा.

लोक म्हणतात, टिटवी पाय वर करून निजते,
आभाळ पडलं तर पेलता यावं म्हणून.
साडेचारचं विमान आमच्या दोघांवरून उतरलं,
चाकं उघडी, पोटाखाली दिवे.
मी खाली वाकलो.
ती वाकली नाही.

नियम असा : फटाका वाजवायचा, अंडी उचलायची, नोंद करायची.
रोलर सोमवारी येणार.
अंडी किती दिवसांची, कोण सांगेल?
फुटल्या फुटल्या पिलं चालायला लागतात,
एवढं मला माहीत आहे.

टॉवरनं विचारलं, काही आहे का तिकडे?
मी जीपचे दिवे बंद केले.
चुन्याची रेघ बुटानं सरकवली,
हातभर. जास्त नाही.

रजिस्टरात तारीख, वेळ, सही,
आणि पक्ष्यांच्या रकान्यात,
शाळेत कधी काढलं नाही एवढ्या बऱ्या अक्षरात :
निरंक.